पोस्टग्रेसक्यूएल 16 : सियागंजातील बिलांच्या सर्व्हरवर काही महिने वापरल्यानंतर

इंदूरच्या सियागंजात किराणा मालाचा ठोक व्यापार करणाऱ्या एका पेढीची बिले, साठा आणि उधारी यांचा सगळा हिशेब गेल्या दिवाळीच्या आधीपासून पोस्टग्रेसक्यूएल 16 या डेटाबेसवर चालतो आणि त्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे. सणांचा मोसम, मार्चअखेर आणि लग्नसराई हे वर्दळीचे तिन्ही काळ पाहून झाले आहेत. माझे मत आधीच सांगतो: हा डेटाबेस मंदावला तर का मंदावला हे तो स्वतःच सांगतो, आणि हा गुण मला त्याच्या कोणत्याही सेटिंगपेक्षा मोलाचा वाटतो.

पहिल्याच दिवशी ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन सुरू करावे. त्यासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, म्हणून पेढी उघडण्यापूर्वीची वेळ निवडावी. प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ खाल्ला हे त्यात दिसते. आमच्याकडे तक्रार असे ती थकबाकीच्या अहवालाची. एकूण वेळेच्या क्रमाने यादी लावल्यावर मात्र सर्वांत वर आली ती प्रत्येक बिलाच्या वेळी मालाची शिल्लक तपासणारी छोटीशी क्वेरी.

साठ्याच्या तक्त्यात वाण जेमतेम काही हजार, तरीही दुपारनंतर ही क्वेरी जड होत जाई. पोस्टग्रेसमध्ये नोंद बदलली की तिचे जुने रूप लगेच पुसले जात नाही. ते मृत ओळ म्हणून तिथेच राहते आणि पुढे व्हॅक्यूम हा सफाई करणारा भाग ती जागा मोकळी करतो. परंतु एखादे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का होणारा बदलांचा गट) काही लिहून उघडेच राहिले, तर त्यानंतर मृत झालेल्या ओळी व्हॅक्यूमला काढता येत नाहीत आणि क्वेरीला त्यांतून वाट काढावी लागते. चालू जोडण्या दाखवणाऱ्या ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’त ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडे, काम मात्र थांबलेले) अशी नोंद तासन्‌तास दिसत होती: एका काउंटरवरचे बिलिंग सॉफ्टवेअर बिलाची पहिली ओळ लिहून, गिऱ्हाईक उरलेली यादी सांगेपर्यंत आणि कधी जेवणाच्या सुट्टीभर, ट्रान्झॅक्शन तसेच उघडे ठेवत असे. मूळ सेटिंगमध्ये अशा थांबलेल्या ट्रान्झॅक्शनला वेळेची मर्यादाच नसते. ती आम्ही दहा मिनिटांची घातली. मर्यादा ओलांडली की जोडणी तुटते आणि अर्धे बिल पुन्हा करावे लागते, हे काउंटरवरच्या मंडळींना आधी समजावून सांगणे आवश्यक आहे. त्याशिवाय त्या तक्त्याचा फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचे ते प्रमाण) 100 वरून 80 केला आणि रविवारी, कोणी काम करत नसताना, व्हॅक्यूम फुल (सगळा तक्ता नव्याने लिहिणारा व्हॅक्यूम) चालवला. आता 8 किलोबाइटच्या प्रत्येक पानात थोडी जागा राखली जाते आणि शिल्लक बदलल्यावर नवी ओळ बहुधा त्याच पानात, इंडेक्सला (शोधसूचीला) हात न लावता बसते. संध्याकाळची शिल्लक आता सकाळइतक्याच तत्परतेने दिसते.

थकबाकीच्या अहवालाचे दुखणे वेगळे होते. ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ (क्वेरी चालवून तिचा मार्ग दाखवणारी आज्ञा) चालवून अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा डेटाबेसला मोजक्या ओळी मिळतील असे वाटत होते आणि प्रत्यक्षात हजारो येत होत्या. बिलाच्या तक्त्यात गाव आणि गाडीचा मार्ग असे दोन स्तंभ आहेत. देवासचा माल देवासच्याच मार्गावर जातो, हे आपल्याला ठाऊक असते. क्वेरीचा मार्ग ठरवणारा प्लॅनर मात्र दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र धरून त्यांच्या शक्यतांचा गुणाकार करतो. त्यामुळे अंदाज फार लहान येतो आणि तो नेस्टेड लूप, म्हणजे थोड्या ओळींना सोयीची एकेक ओळ जुळवण्याची पद्धत, निवडतो. आवृत्ती 10 पासून असलेली ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ ही आज्ञा देऊन या दोन स्तंभांचे नाते नोंदवले आणि ‘अ‍ॅनलाइझ’ (आकडेवारी ताजी करणारी आज्ञा) चालवले, तेव्हा प्लॅनरने स्वतःहून हॅश जॉइन ही पुष्कळ ओळींना सोयीची पद्धत निवडली. हिशेब पाहणारे काका पूर्वी अहवाल लावून चहाला जात. आता ते जागेवर बसूनच तो वाचतात.

स्मृतीच्या सेटिंगविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांचा गाजावाजा गरजेपेक्षा अधिक होतो. ‘शेअर्ड बफर्स’ (डेटाबेसची सामायिक स्मृती) मूळच्या 128 मेगाबाइटवरून रॅमच्या पाव हिश्शापर्यंत नेणे योग्यच. ‘वर्क मेम’ वाढवताना मात्र जपावे: त्याची मूळची 4 मेगाबाइट ही मर्यादा साऱ्या सर्व्हरसाठी नसून क्वेरीतील प्रत्येक सॉर्टसाठी (क्रम लावण्यासाठी) असते, आणि अनेक काउंटर एकाच वेळी चालतात. मार्चअखेरच्या अहवालांपुरती ती त्या सत्रातच वाढवणे मला सुरक्षित वाटते. सर्व्हरला एसएसडी असल्यास ‘रँडम पेज कॉस्ट’ (विखुरलेली पाने वाचण्याचा अंदाजित खर्च) 4 वरून 1.1 च्या आसपास आणावा. 4 हा आकडा जुन्या फिरत्या डिस्कच्या हिशेबाचा आहे.

देवनागरी नावांचा शोध घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ‘गो’पासून सुरू होणारी गिऱ्हाइके शोधणारी लाइक (नमुन्याशी जुळवणारी) अट, डेटाबेसचे लोकेल (अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम) ‘सी’ नसेल, तर साध्या इंडेक्सचा उपयोग करत नाही. ‘टेक्स्ट पॅटर्न ऑप्स’ हा पर्याय लावून वेगळा इंडेक्स करावा लागतो.

उणिवाही आहेत. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस असल्यामुळे काउंटर वाढले की पीजीबाउन्सरसारखा, मोजक्या जोडण्या सर्वांना वाटून देणारा मध्यस्थ घ्यावा लागतो. प्लॅनरला अमुकच इंडेक्स वापर असे सांगण्याची सोय मूळ डेटाबेसमध्ये नाही, आणि निकडीच्या वेळी ती उणीव जाणवते. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूमही, तक्त्याचा साधारण पाचवा भाग मृत झाल्यावरच जागा होतो. बिलांच्या ओळींचा आमचा तक्ता मोठा असल्याने ही वेळ फार उशिरा येते, म्हणून त्या एका तक्त्यासाठी हे प्रमाण 0.2 वरून 0.02 वर आणले आहे.