मकाऊच्या कॅसिनोतील नोकरीच्या नावाखाली झालेली फसवणूक

सोलापूरची गड्डा यात्रा संपल्यानंतरच्या आठवड्यात सात रस्ता परिसरातील एका एजंटाने माझ्या वडिलांकडून २,८०,००० रुपये घेतले आणि मला हाँगकाँगजवळच्या मकाऊच्या कॅसिनोत डीलर म्हणून, म्हणजे टेबलावर पत्ते वाटण्याच्या कामावर, लावून देण्याचे कबूल केले. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. त्या रकमेतले दोन लाख आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवून उभे केले होते. हॉटेल मॅनेजमेंट शिकून परदेशी नोकरी शोधणारी मुले सोलापुरात पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

एजंटाने आधी भाड्याच्या हॉलमध्ये दहा दिवस आम्हाला पत्ते पिसायला आणि चिप्स, म्हणजे खेळात पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, मोजायला शिकवले. नंतर एक छापील कागद आणून तो वडिलांना म्हणाला, "मालक, पोराचा व्हिसा आला." प्रत्यक्षात ती हाँगकाँगमध्ये प्रवेश करण्यापूर्वी भारतीयांना २०१७ पासून ऑनलाइन करावी लागणारी पूर्वनोंदणी होती. तिला एक रुपयाही लागत नाही आणि तिच्यावर फार तर १४ दिवस पाहुणा म्हणून राहता येते. मकाऊत तर भारतीय पर्यटकाला ३० दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही. हे त्याला ठाऊक होते, आम्हाला नव्हते.

हाँगकाँगहून समुद्रावरच्या लांब पुलावरून बसने मी मकाऊला पोहोचलो, तेव्हा पासपोर्टवर शिक्का न मारता माझ्या हातात एक छोटी चिठ्ठी देण्यात आली. किती तारखेपर्यंत राहता येईल एवढेच तिच्यावरून कळत होते, तरीही काम झाले असे समजून मी घरी फोन केला. न्यायला येणारा माणूस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी कॅसिनोच्या मोफत बसने, गणवेशातल्या कामगारांबरोबर, मी एजंटाने दिलेले नेमणूकपत्र घेऊन तिथल्या कार्यालयात गेलो. पत्र आमचे नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. बाहेर उभ्या असलेल्या एका नेपाळी सुरक्षारक्षकाने मला हिंदीत सगळे समजावले. मकाऊत डीलरचे काम केवळ स्थानिक रहिवाशांनाच दिले जाते, बाहेरचे लोक पहारा, सफाई किंवा स्वयंपाकघरात असतात, आणि त्यांनाही कामासाठीची परवानगी आधी घेऊन यावे लागते. पर्यटक म्हणून येऊन कामगार होता येत नाही. त्याच्या या चार वाक्यांची माहिती मी सोलापुरात असतानाच मिळवायला हवी होती, याचे मला फार दुःख आहे.

सहाव्या दिवशी उसन्या पैशांच्या तिकिटावर परत आलो, तेव्हा एजंटाच्या कार्यालयाला कुलूप होते. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते आणि त्याला ३०,००० रुपये व जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, हे मला पोलीस ठाण्यात तक्रार लिहिताना कळले. आम्ही पैसे रोख दिले होते आणि पावतीही मागितली नव्हती, त्यामुळे तक्रारीला जोडायला माझ्याकडे तो हाँगकाँगच्या पूर्वनोंदणीचा कागद आणि बनावट पत्र एवढेच होते. पैसे देण्यापूर्वी एजंटाकडे नोंदणी क्रमांक मागा, तो स्वतः तपासा आणि हातात आलेला कागद नेमका कसला आहे, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर वाचून घ्या. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत.