अमुआज गोल्ड : आठ महिने लावल्यानंतर

अमुआज गोल्ड या परफ्यूमच्या पहिल्या स्प्रेला साबणाचा वास येतो. भारी, पांढऱ्या, नुकत्याच कागदातून काढलेल्या वडीचा. मस्कतच्या दुकानात कागदी पट्टीवर हुंगून मी याच वासामुळे दोनदा रिकाम्या हाताने परतले. तिसऱ्या वेळी मनगटावर लावून घेतलं आणि मत्रहच्या बाजारात भाजी-मासळी उरकली. तासाभराने गाडीत बसताना हात नाकाजवळ गेला, तर साबण विरून खालून लुबान, म्हणजे धुपासारखा जाळतात तो सुगंधी चीक, वर आला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन बाटली घेतली.

साबणासारखा तो वास अल्डिहाइड नावाच्या सुगंधी रसायनांचा. १९२१ च्या शनेल नंबर फाइव्हपासून फ्रेंच परफ्यूममध्ये तो मुरलाय. गोल्डही फ्रेंच हातचंच आहे. १९८३ मध्ये तेव्हाचे सुलतान काबूस यांच्या इच्छेवरून ओमानमध्ये अमुआज या कंपनीची सुरुवात झाली, तेव्हा पहिलं परफ्यूम करायला फ्रेंच परफ्यूमकार गी रोबेर यांना बोलावलं. एर्मेस या फ्रेंच कंपनीचं कालेश हे परफ्यूमही त्यांचंच. त्यांनी गुलाब, जाई, कस्तुरी या सगळ्यांच्या मधोमध दक्षिण ओमानातल्या धोफारचा लुबान बसवला.

इथे आपल्या लोकांचा एक गोंधळ नेहमी होतो. आपण निखाऱ्यावर घालतो तो ऊद म्हणजे एक सुगंधी राळ. अरबांचा ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. लुबान या दोन्हींपेक्षा वेगळा. धोफारमध्ये झाडाची साल खरवडतात, पांढरा चीक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. धोफारमधल्या सलालाह शहराकडे मी ती झाडं पाहिली आहेत, खुरटी, उघड्या दगडांत उभी. ताजा खडा बोटांनी चोळला की आधी लिंबाच्या सालीसारखा गारवा येतो, धूर नंतर, जाळल्यावर. गोल्डमध्ये मला तो गारवा सापडतो, आणि म्हणूनच हे परफ्यूम मला इतकं प्रिय आहे. निव्वळ धूर हवा असेल तर ओमानी घरांतल्यासारखा मबखरा, म्हणजे धूपदाणी, पेटवावा, तो अनुभव वेगळाच.

आता रोजच्या वापराचं. ऑक्टोबरात घेतलं, तेव्हा उत्साहात चार स्प्रे मारायचे. लिफ्टमध्ये माझं मलाच जड व्हायला लागलं. आता दोनच: एक मानेच्या मागे, एक कोपराच्या आत. अंग कोरडं असेल तर आधी बिनवासाचं तेल चोळते, मग वास संध्याकाळपर्यंत टिकतो. सुती ओढणीवर तर दुसऱ्या दिवशीही असतो. रेशमावर मात्र कधीच मारू नका, डाग पडतो.

दिवाळीत अभ्यंगानंतर लावलं. उटण्याचा वास अंगावर होताच, त्यावर हे अगदी शोभलं. डिसेंबरात पुण्याला लग्नाला गेले, तिथल्या थंडीत तर ते असं खुललं की आत्या जवळ घेऊन म्हणाली, "कुठलं अत्तर गं हे? देवघरात आल्यासारखं वाटतंय." तिला बाटली दाखवली आणि मनगटावर लावलं, तर नाक मुरडून म्हणाली, "हे नव्हे, मघाचं दे!" तासाभराने तिची तीच आली मनगट हुंगत.

मे-जूनमध्ये मात्र मी ते दिवसा लावत नाही. मस्कतच्या उन्हात आणि दमटपणात त्यातली कस्तुरी फार पुढे येते आणि फुलं दबतात. रात्री एसीत ठीक. ऑफिसलाही नको, हे परफ्यूम माणसाच्या आधी खोलीत शिरतं.

किंमत मोठी आहे, हे खरं. म्हणून कागदाच्या पट्टीवरून ठरवू नका. कातडीवर घ्या, दुकानातून बाहेर पडा, जेवून या. तेव्हाही फक्त साबणच जाणवला तर घेऊ नका. माझी बाटली अजून अर्ध्यावर आहे. आत्यासाठी लहान कुपीत थोडं काढून ठेवलंय, गणपतीला नेईन.