टर्बो किटच्या नावाखाली ६८,५४० रुपये गेले. पैसे पाठवण्याआधी बिलावरच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा

मॅनिफोल्डच्या (टर्बो इंजिनाला जोडणारा पाइप) कामाचा ॲडव्हान्स ९,५००. टर्बो किटचे, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणाऱ्या सामानाचे, ३८,०००. ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या डबीचे, १४,२००. वर 'ट्रान्सपोर्ट विमा, डिलिव्हरीनंतर परत' म्हणून ६,८४०. एकूण ६८,५४० रुपये. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या माणसाला हे पैसे साठवायला किती वेळ लागतो, ते सोलापुरात कुणाला समजावून सांगायला नको. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, लाज वाटते. पण लाजेपोटी गप्प बसणारं गिऱ्हाईकच या लोकांना हवं असतं, म्हणून सगळं लिहून टाकतोय.

'कशाला नसते उद्योग' म्हणणाऱ्यांना आधी उत्तर देतो. माझी गाडी २००८ ची स्विफ्ट, १.३ लिटर पेट्रोल. इंजिन नुकतंच खोलून नीट केलेलं. टर्बोचा विचार एका रात्रीत आला नव्हता. वही घालून अभ्यास केला होता. पिस्टन न बदलता ०.४ बारच्या वर प्रेशर न्यायचं नाही, मोठे इंजेक्टर आणि जास्त दाबाचा फ्युएल पंप घ्यायचा, हवा-पेट्रोलचं मिश्रण बघायला वाइडबँड सेन्सर लावायचा. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरशिवाय तर हातच घालायचा नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच ४२ अंशांवर असते, ती दाबली की आणखी तापते, मग नॉकिंग होऊन (पेट्रोल अवेळी भडकून) पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. हे सगळं मला माहीत होतं. अडाण्यासारखं कुणाच्याही नादी लागलो असं कुणी म्हणू नये.

आणि किट विकणाराही अडाणी नव्हता. कोईमतूरला वर्कशॉप आहे म्हणाला, बोलणं सगळं हिंदीत. पहिल्याच फोनला त्याने विचारलं, 'टर्बोतलं तेल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) कसं आणणार?' हा प्रश्न काम केलेला माणूसच विचारतो. टर्बोला तेल दाबाने जातं, पण परत येताना ते नुसतं आपल्या वजनाने उतरतं. रिटर्न पाइपला उतार हवा, आणि चेंबरला भोक पाडायचं तेही तेलाच्या पातळीच्या वर. त्याने आकृती काढून पाठवली. टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाच्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या, आलेखावर माझ्या इंजिनाचे आकडे मांडून दाखवले. चोराला विषय येत नसेल या भरवशावर राहू नका. याला माझ्या मिस्त्रीपेक्षा चांगला येत होता.

आता ज्या गोष्टीने रात्री झोप लागत नाही ती सांगतो. ३८,००० पाठवायच्या आधी त्याने व्हॉट्सॲपवर बिल पाठवलं. मी तेव्हा कारखान्यात टेबलावर होतो. समोरच्या कॉम्प्युटरवर जीएसटीचं पोर्टल उघडं, सूतवाल्यांची बिलं जुळवत होतो. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्य. महाराष्ट्र २७, तमिळनाडू ३३, दिल्ली ०७. दिवसभर हेच आकडे माझ्या डोळ्यांखालून जातात. कोईमतूरवाल्याच्या बिलावर ०७ होतं. ते मी बघितलं! बघितलं, आणि हेड ऑफिस दिल्लीला असेल असं स्वतःच धरून चाललो. तोच नंबर समोरच्या पोर्टलवर टाकला असता तर मिनिटात कळलं असतं. नंतर टाकला तेव्हा निघालं दिल्लीतलं कपड्यांचं दुकान, ज्याचा या माणसाशी काही संबंध नाही. नंबर तपासायला लॉगिनसुद्धा लागत नाही, नाव आणि पत्ता दोन्ही दिसतं.

यूपीआयवर फर्मचं नाव न येता एका बाईचं नाव आलं, तेही विचारलं. 'मालकाच्या बहिणीचं खातं.' आपल्या बाजारातही भावाच्या, मेव्हण्याच्या खात्यावर पैसे घेतातच की, त्यामुळे खटकलं नाही. तुम्हाला खटकू द्या. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही सोडू नका.

खोकं आलं. होय, ट्रान्सपोर्टने बिल्टीसकट (मालाच्या पावतीसकट) आलं. मिस्त्रीसमोर उघडलं. वरून चांदीसारखा चकचकीत टर्बो, पण आट्यांतसुद्धा स्प्रेचा रंग बसलेला. कॉम्प्रेसरची चाकी अंगठ्याने हलवली तर शाफ्ट इकडून तिकडे खडखडत होता. पाती आतून घासलेली, एकीचा टवका उडालेला. कुठल्या तरी डिझेल गाडीचा भंगारातला टर्बो. मॅनिफोल्डची भोकं माझ्या हेडला जुळतच नव्हती. इंटरकूलर नाही. ईसीयूच्या डबीत सर्किट नाही, वजनाला पत्र्याचा तुकडा. मिस्त्री एवढंच म्हणाला, 'साहेब, हे लावू नका. पातं तुटून इंजिनात गेलं तर इंजिन गेलं.'

विकणाऱ्याला फोन केला. हसून म्हणाला, 'जाओ पुलिस में, बोलो टर्बो लगा रहा था.' त्यानंतर नंबर बंद.

पोलिसांत गेलो. सायबरवाल्यांनी सांगितलं, माल आलाय ना, मग हे आमच्याकडचं नाही, तुमच्या ठाण्यात जा. ठाण्यात सांगितलं, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. परत गेलो तर एक साहेब म्हणाले, हा देण्याघेण्याचा वाद, ग्राहक मंचात जा. आणि शेवटी दुसऱ्या साहेबांनी मोटार वाहन कायदा काढला. कलम ५२, परवानगीशिवाय गाडीत बदल नाही. १८२अ, मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. 'आधी तुमच्यावरच घेऊ का?' अहो, मी गाडीला एक नटसुद्धा लावला नव्हता! सामान विकत घेणं कुठल्या कलमात गुन्हा आहे? पत्र्याचा तुकडा ईसीयू म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायचीच असं नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये लिहिलंय. ते मी छापून नेलं होतं. कागद बाजूला सरकवला. अर्जाची पोच मागितली तर 'उद्या या'. चोराने फोनवर जे सांगितलं होतं, तेच वर्दीतल्या माणसाकडून ऐकावं लागलं.

बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या मर्जीचा. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेलेले. खोकं का पाठवतात ते आता कळतंय. आपण बिल्टीची वाट बघत बसतो तोवर पैसे हलतात, आणि पोलिसांना 'माल मिळाला' म्हणायला कारण मिळतं. म्हणून शंका आली त्याच क्षणी १९३० लावा, खोक्यासाठी थांबू नका. खोकं आलंच तर उघडताना सलग व्हिडिओ काढा, बिल्टीचा नंबर दिसेल असा.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, आणि आपण राहतो तिथे म्हणजे सोलापुरातच तक्रार करता येते. पण समोरच्याचा खरा पत्ता लागतो, तो माझ्याकडे नाही. ठाण्याने अर्ज घेतला नाही तर तोच अर्ज वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. मी पाठवलाय, पावती जपून ठेवली आहे.

सोलापूर, पंढरपूर, लातूर, विजापूर भागात कुणाला कोईमतूरच्या नावाने टर्बो किटचा फोन आला असेल आणि बिलावर ०७ असेल, तर पैसे थांबवा. ज्यांचे आधीच गेलेत त्यांनी बिल आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट घेऊन माझ्याशी बोला. एकट्याचा अर्ज बाजूला सरकवतात, चौघांनी एकत्र दिला तर वाचावा लागेल.