फोनो प्रीअँप म्हणून भलताच डबा विकतात, घेण्याआधी हे वाचा

नागपूरच्या बर्डीतल्या एका दुकानातून ‘एमएम/एमसी ट्यूब फोनो प्रीअँप’ म्हणून ₹9,500 ला घेतलेला डबा फोनो प्रीअँप नव्हताच. फोनो प्रीअँप म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचा अगदी बारीक सिग्नल वाढवून अँप्लिफायरला देणारा डबा, आणि ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशी काचेची व्हॉल्व्ह. तसेच डबे आजही तिथे काचेआड विकायला ठेवलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझ्या टर्नटेबलवर (रेकॉर्ड प्लेयरवर) डेनॉनचं डीएल-103 कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग आहे, एमसी (मूव्हिंग कॉइल) जातीचं. त्यातून जेमतेम 0.3 मिलिव्होल्ट निघतात. नेहमीच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजचे 4-5 मिलिव्होल्ट असतात, त्याला 40 डेसिबल म्हणजे शंभरपट वाढ पुरते. याला 60 च्या आसपास, म्हणजे हजारपट लागते. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खालचे स्वर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. ते उलटं करून मूळ आवाज परत आणणं हे फोनो प्रीअँपचं खरं काम. त्याचं आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचं) हे प्रमाण 1954 साली ठरलं.

हे सगळं मी दुकानात विचारलं होतं. दुकानदाराने डब्यामागचा एमएम/एमसी खटका दाखवला आणि कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावली. आवाज खरोखर भरदार लागला. पण त्याच्या टर्नटेबलमध्येच प्रीअँप बसवलेला होता आणि मागचं बटण ‘लाइन’वर होतं, म्हणजे तो आतला प्रीअँप चालू होता. सगळं काम टर्नटेबलनेच उरकलं होतं, डबा नुसता मधे जोडलेला!

घरी जोडल्यावर व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला तरी गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं. डग्गा गायब, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचणारे, वर सतत घूं घूं. फोन केला तर, “शंभर तास चालू द्या ना भाऊ, ट्यूब मोकळी व्हावी लागते.” मग म्हणे तुमच्या घरची अर्थिंग खराब. मग वायर हलकी, आणि ₹1,200 ची नवी वायर घ्यायला लावली. माल परत करायची मुदत संपेपर्यंत हे असंच चाललं. मुदत संपल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं.

महालातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांनी डबा उघडला. एमएम/एमसी खटक्याच्या पायांना एकही तार जोडलेली नव्हती. आरआयएएचं सर्किट कुठेच नाही. ट्यूबखाली नारिंगी एलईडी चिकटवलेला, म्हणजे जी ऊब दिसत होती ती त्या दिव्याची. मोबाईल किंवा सीडी प्लेयरच्या मागे लावायचा साधा बफर (सिग्नल न वाढवता पुढे देणारं सर्किट) होता तो, बाजारात दीड-दोन हजाराला मिळतो तसा. काकांना घेऊन दुकानात गेलो तेव्हा त्यांनीच तिथलं टर्नटेबल फिरवून ते ‘लाइन’चं बटण दाखवलं. दुकानदाराचं उत्तर एकच: “तुम्ही डबा खोलला, वॉरंटी संपली.” बिलावर त्याने ‘ऑडिओ सामान’ एवढंच लिहिलेलं आहे.

डब्याचा खरेपणा दुकानातच तपासता येतो. मोबाईलचा आवाज अगदी कमी ठेवून तो डब्याच्या इनपुटला जोडा. आत आरआयएए असेल तर गाणं घुमट, बोजड आणि वरचे स्वर मेलेले ऐकू येईल. जसंच्या तसं स्वच्छ ऐकू आलं, तर तो फोनो प्रीअँप नाही. टर्नटेबलचं बटण स्वतःच्या हाताने ‘फोनो’वर करा, म्हणजे त्याचा आतला प्रीअँप बंद राहील, आणि शक्य असेल तर आपलंच टर्नटेबल कार्ट्रिजसकट घेऊन जा. एमसीसाठी घेत असाल तर गेन (सिग्नलची वाढ) किती डेसिबल आणि लोड (कार्ट्रिजला डब्याकडून मिळणारा रोध) किती ओहम हे विचारा. डीएल-103 ला 100 ओहम किंवा त्याहून जास्त लागतो. हे आकडे ज्याला सांगता येत नाहीत त्याच्याकडून घेऊच नका. घेतलात तर मॉडेल, ‘फोनो प्रीअँप’ हा शब्द आणि गेन पक्क्या बिलावर लिहून घ्या.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे तक्रारीची फी लागत नाही. त्याच दुकानातून असा डबा कुणी घेतला असेल तर बिल जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा.