आडवी रेघ दाखवून ‘पिक्चर ट्यूब गेली’ म्हणणारा मेकॅनिक

जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर चित्र जाऊन मधोमध एकच आडवी लख्ख रेघ उरली असेल, आवाज ठणठणीत येत असेल आणि ते बघून मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, पिक्चर ट्यूब गेली’, तर सेट त्याच्या हाती देऊ नका. माझ्या सेटची चांगली ट्यूब याच एका वाक्यावर गेली.

ती रेघ हाच त्याच्या खोटेपणाचा पुरावा असतो. पडद्यावरचा किरण योक नावाची कॉइल फिरवते. आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीच्या सेटमध्ये तो आडवा सेकंदाला १५,६२५ वेळा फिरतो आणि उभा ५० वेळा. रेघ दिसते म्हणजे आडवं काम चालू, उभं बंद. आता, ट्यूबला लागणारे वीस-पंचवीस हजार व्होल्ट एलओटीतून (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून) येतात आणि एलओटी चालते या आडव्या सर्किटवर. म्हणजे रेघ लख्ख असेल तर एलओटी ठीक, हाय व्होल्टेज ठीक, किरण सोडणारी ट्यूबची गनही चालू. संशय राहतो तो उभं काम सांभाळणाऱ्या व्हर्टिकल आयसीवर, त्याच्या सप्लायवर, एखाद्या कपॅसिटरवर, फार तर योकच्या उभ्या कॉइलवर. बऱ्याचदा तर आयसी तापून-थंडावून त्याच्या पायांचं सोल्डर तडकलेलं असतं. ड्राय सोल्डर. सोल्डरिंग आयर्न टेकवायचं आणि उठायचं, एवढंच काम.

आमच्या मेकॅनिकने ब्राइटनेस पूर्ण वाढवून ती रेघ बराच वेळ तशीच ठेवली. (एकाच रेषेवर सगळा मारा झाला की तिथला फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा लेप, जळतो. शिकलेला माणूस ब्राइटनेस आधी कमी करतो.) मग काचेवर टकटक करून ट्यूब संपल्याचं जाहीर केलं, ‘कंपनीची नवी टाकतो’ म्हणाला आणि सेट उचलून नेला. या ट्यूबचं उत्पादन कधीच गुंडाळलं गेलंय. मग सीलबंद नवी ट्यूब याच्याकडे आली कुठून?

सेट परत आला तेव्हा चित्र झगझगीत होतं, म्हणून पैसेही पूर्ण दिले. पुढे रंग उतरत गेले. चित्र यायला वेळ लागू लागला, चेहऱ्यांचा उजळ भाग चंदेरी होऊन पसरायचा, काळ्याचा राखाडी झाला आणि गडद दृश्यांवर तिरक्या बारीक रेषा उमटू लागल्या. फोन केला तर ‘सिग्नल वीक आहे’. नंतर फोन उचलणंच बंद.

दुसऱ्या जुन्याजाणत्या कारागिराने मागचं झाकण काढलं आणि मला बोटाने एकेक गोष्ट दाखवत गेला. ट्यूबच्या मानेवरच्या मॅग्नेटच्या रिंगा हलू नयेत म्हणून लावलेला रंग तुटलेला. योकखालचे रबरी वेज (पाचरी) नवे, बाकी सगळीकडे जुनी धूळ. या जुळणीला कुणी हात घातला की कोपऱ्यांत रंग फुटतात, तसे ते फुटलेच होते. एलओटीवरचा स्क्रीनचा नॉब जवळजवळ शेवटपर्यंत चढवलेला, तिरक्या रेषा त्यामुळेच. आणि खरी करामत म्हणजे एलओटीच्या कोअरभोवती जास्तीच्या वायरचा एक वेढा मारून ट्यूबची गन तापवणाऱ्या हीटरचं व्होल्टेज वाढवलेलं. म्हाताऱ्या ट्यूबला असं तापवलं की ती काही दिवस तरुण दिसते आणि मग आणखी लवकर संपते. व्हर्टिकल आयसीच्या पायांवर मात्र ताजं, चकचकीत सोल्डर होतं. दुरुस्ती तेवढीच झाली होती. ट्यूब बदलायची गरजच नव्हती, ती नुसती काढून घेतली.

चांगल्या ट्यूबला गिऱ्हाईक आहे. जुने व्हिडिओ गेम जमवणारी मंडळी ट्यूबचेच सेट शोधतात, कारण त्या गेमच्या बंदुकी सपाट पडद्यावर चालत नाहीत.

म्हणून झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा आणि ट्यूबवरच्या लेबलाचा फोटो काढा. त्यावर ‘ए५१’सारखा क्रमांक असतो, पुढचे आकडे पडद्याच्या कर्णाचे सेंटिमीटर. पण मॉडेल नंबर सारखा असलेली दुसरी ट्यूबही बसवता येते, म्हणून सीरियल नंबरही फोटोत हवा. एलओटीचा नंबरही टिपून ठेवा. स्वतः मात्र आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो आणि तिची मान पातळ काचेची असते. सोल्डरचं काम घरीच करून घ्या, त्यासाठी सेट हलवावा लागत नाही. सुटा भाग बदलला तर जुना परत मागा.

मीही मागितला होता. तो मेकॅनिक आधी म्हणाला, ट्यूब काढताना फुटली. नंतर म्हणाला, भंगारवाल्याने नेली. एवढी जड काच गेली कुठे, ते त्यालाच माहीत. दुसऱ्या कारागिराने वायरचा तो वेढा काढून पाहिला, तर पडद्यावर नुसत्या सावल्या हलत होत्या. म्हणून तो पुन्हा बसवलाय.