रामकुंडावरच्या वहीत सापडले आमचे पणजोबा

पणजोबा नक्की कधी गेले, हे आमच्या घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. आजोबा एवढंच सांगायचे, ‘मी अकरा वर्षांचा होतो, मानमोडीची साथ होती.’ मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. तिथी माहीत नाही म्हणून श्राद्ध सर्वपित्रीला घालायचं, एवढीच त्यांची आठवण उरली होती.

शोध मी सरकारी कागदांपासून सुरू केला. तालुक्याच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही मागितली. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला गठ्ठा समोर आला, तर नेमकी १९१८ची पानं वाळवीनं खाल्लेली. हात लावला की भुगा. मला तिथंच रडू आलं. शहरातल्या स्मशानभूमीत रजिस्टर असतं, नाव-वय-पत्ता मिळू शकतो. पण आमच्या गावात दहन ओढ्याकाठी व्हायचं, तिथं कोण काय लिहून ठेवणार? दफन केलेल्याचा निदान दगड राहतो. आपल्याकडे राख आणि अस्थीसुद्धा पाण्यात जातात. म्हणून माणूस जळला कुठे यापेक्षा अस्थी कुठे नेल्या, हे आधी विचारायला हवं. हे मला फार उशिरा सुचलं.

गेल्या जानेवारीत आईच्या अस्थी घेऊन भाऊ आणि मी नाशिकला रामकुंडावर गेलो, तेव्हा तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवणाऱ्या तिथल्या पुरोहितांच्या, वह्यांची चौकशी केली. तिथं पहिला प्रश्न येतो, ‘आडनाव काय, मूळ गाव कोणतं?’ तुम्ही आज पुण्यात राहता की दुबईत, याला काही अर्थ नाही. गावं उपाध्यांच्या घराण्यांत वाटलेली आहेत. पहिले गुरुजी म्हणाले, ‘तुमचं गाव आमच्याकडे नाही,’ आणि पंचवटीतल्या दुसऱ्या घराचा पत्ता दिला. तिथं सत्तरीच्या गुरुजींनी कापडात बांधलेल्या लांबट वह्या काढल्या. अनुक्रमणिका नाही, पान-पान उलटायचं. आजोबांचं पूर्ण नाव आणि त्यांच्या चुलत्यांचं नाव सांगितलं होतं, त्यामुळे दीड तासात नोंद सापडली.

शके १८४०, कालयुक्तनाम संवत्सर. सगळं मोडी लिपीत, गुरुजी बोट ठेवून वाचत होते. आजोबांचे चुलते अस्थी घेऊन आले होते. ‘आश्विन वद्य ५ बंधू, वद्य ७ कुटुंब.’ मी दचकले, सगळं कुटुंब गेलं की काय? गुरुजी म्हणाले, ‘ताई, कुटुंब म्हणजे बायको. तेव्हा तसंच लिहायचे.’ म्हणजे ऑक्टोबर १९१८च्या उत्तरार्धात, दोन दिवसांच्या अंतरानं, घरातून दोन माणसं गेली होती. या चुलत पणजोबांची जी बायको आम्हाला माहीत होती, ती दुसरी होती. पहिली होती हेच आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिचं नाव वहीतही नाही.

नोंदीच्या खाली मोठ्या, वेड्यावाकड्या बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरात एक सही होती. बाकी सगळी मोडी आणि ती एकच शाळेत गिरवलेल्या वळणाची. अकरा वर्षांचे माझे आजोबा. त्यांच्या ‘र’ची शेपटी म्हातारपणीही तशीच लांब जायची. पोस्टकार्डांवर मी ती शेकडो वेळा पाहिलेली आहे.

ही सेवा मी कुणालाही मनापासून सांगेन. गुरुजींनी दक्षिणेचा आकडा सांगितला नाही, आम्ही आपखुशीनं दिली. पण काही गोष्टी खटकल्या. पानांचे फोटो काढू देत नाहीत. मी तो मजकूर हातानं उतरवून घेतला, वहीपेन जवळ असू द्या. बायका आणि लेकी जवळजवळ नाहीतच. मृत्यूची तिथी प्रत्येक नोंदीत असेलच असं नाही, बरेचदा आल्याचाच दिवस असतो. पानांच्या कडा सुटल्या आहेत आणि मोडी वाचणारे त्या घरात आता गुरुजी एकटेच. हरिद्वारच्या अशा वह्यांचं मायक्रोफिल्मिंग युटाच्या जिनियॉलॉजिकल सोसायटीनं केलेलं आहे. या घरातल्या वह्यांचंही तसं काही व्हावं असं फार वाटतं. जायचं असेल तर पितृपक्ष टाळा आणि २०२७च्या सिंहस्थाची गर्दी वाढण्याआधी जा. गुरुजींना बसायला वेळ मिळाला तरच शोध होतो.

निघताना आईची नोंद करायची होती. गुरुजींनी भावाचं नाव, त्याच्या मुलाचं नाव लिहिलं आणि वही मिटायला घेतली. मी म्हटलं, ‘गुरुजी, आईचं नाव पूर्ण लिहा, माहेरच्या नावासकट. आणि आम्हा दोघी बहिणींचीही लिहा.’ ते क्षणभर थांबले, मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, ‘तुम्हीच लिहा, जागा आहे.’ मी सावकाश, सुटं सुटं लिहिलं.