मोल्सवर्थचा कोश: हिसडा, गचका आणि झटका यांच्या कसोटीवर

मराठी-इंग्रजी कोश किती कामाचा आहे, हे ‘झाड’ किंवा ‘पुस्तक’ शोधून कळत नाही. हिसका, हिसडा, गचका, झटका असे एकमेकांना चिकटलेले शब्द काढून बघावेत. मोल्सवर्थ या इंग्रज कोशकाराच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत चाळता येते, आणि या कसोटीला ती बहुतांशी उतरते.

आधी शोधण्याची अडचण. जुन्या लेखनात क्रियापदाच्या शेवटी अनुस्वार असतो. ‘हिसकणे’ नव्हे, ‘हिसकणें’. आजच्या वळणाचा शब्द सापडला नाही तर तो कोशात नाही असं समजू नका. ‘हिसक’ एवढंच टाका आणि आजूबाजूच्या नोंदीही वाचा.

नुसत्या इंग्रजी अर्थावर थांबलात तर फसाल, कारण ‘जर्क’ (jerk) या चौघांनाही चालून जातं. खरा खजिना आहे तो नामांच्या नोंदींत ‘व्ही’ (v, म्हणजे व्हर्ब, क्रियापद) या खुणेपुढे दिलेल्या मराठी क्रियापदांत: दे, मार, बस, खा. हिसडा देतात किंवा मारतात. बैल हिसडा मारून दावं तोडतो. म्हणजे कुठेतरी पकड आहे आणि जोर तिच्याविरुद्ध लागतोय. गचका मात्र बसतो. क्लच एकदम सोडला की गचका देते गाडी, सोसतो आत बसलेला. झटकायला समोरून ओढ लागत नाही, चादरीवरची धूळही झटकतात. हिसकावण्यात वस्तू हात बदलते, म्हणून ‘हातातून’ येतं आणि मागोमाग बहुधा ‘घेणे’: पिशवी हातातून हिसकावून घेतली. पिशवीला नुसता हिसका दिला, तर ती मालकाच्याच हातात राहिलेली असू शकते.

कमतरता वयाची आहे. हृदयविकाराचा किंवा विजेचा झटका इथे शोधू नये. मराठीतून अर्थ आणि ग्रंथांतली अवतरणं हवी असतील तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडावा.

क्रियापदांच्या नोंदींत ‘व्ही सी’ (v c) म्हणजे सकर्मक, ‘व्ही आय’ (v i) म्हणजे अकर्मक. ही खूण वगळू नका; भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लावायचा की नाही, ते बहुतेक वेळा तिच्यावरून ठरतं: त्याने हात हिसडला, पण पाणी हिंदकळलं.